बाजार उठल्यावर



रविवारी सायंकाळी बाजार उठला की मैदानावर जे काही उरते ते पाहावयास सहसा कोणी थांबत नाही. विकणारा टेम्पोच्या घाईत असतो, घेणारा शेवटच्या बसच्या. थांबतात ती कुत्री, गुरे आणि, चर्चचे दार त्याच मैदानावर उघडत असल्याने, आम्ही. गेली सहा वर्षे आम्ही हे दृश्य पाहत आलो आहोत. पैकी पहिली चार वर्षे आम्ही ते नुसतेच पाहिले, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले, घाटमाथ्यावरच्या रानाला लागून वसलेले. चर्चसमोरच्या मैदानाचा निम्मा भाग चर्चचा, निम्मा पंचायतीचा. मध्ये कुंपण असे कधी नव्हते, आणि ते असावे असे कोणाला वाटतही नाही. सकाळची मिस्सा आटोपते तोवर मैदानावर ताडपत्र्या पसरलेल्या असतात. वाड्यावाड्यांवरून आलेली माणसे चर्चमधून निघून सरळ बाजारात शिरतात. ज्याला काही घ्यावयाचे नाही तोही जातो, कारण मुलीचे स्थळ तेथेच कळते, मयताची वार्ता तेथेच मिळते, आणि भावाभावांचे तुटलेले बोलणे चहाच्या टपरीवर पुन्हा सुरू झालेले आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे. असा बाजार म्हणजे गावाचे अंगणच. आणि अंगण तर रोज झाडावयाचे असते.

आमच्या लहानपणी, म्हणजे पस्तीसएक वर्षांपूर्वी, वडिलांचे बोट धरून आम्ही असल्याच एका बाजाराला जात असू. भाजीची जुडी केळीच्या सोपटाने बांधलेली असे, मासळी सागाच्या पानात, आणि तेलाच्या बाटलीला गळ्याशी दोरी बांधून ती घरूनच न्यावयाची असे. बाजार उठला की पाने, देठ, साली उरत. त्या गुरे खात, आणि गुरांनी टाकलेले सकाळी कोणीतरी शेणासोबत उचलून नेई. ती माणसे आमच्याहून शहाणी होती असे नव्हे. टाकल्यावर कुजणार नाही असे काही त्यांच्या हाती आलेच नव्हते. म्हणून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात आम्हांला फारसा अर्थ वाटत नाही. जे कुजत नाही ते आज आपल्या हाती आले आहे, आणि सवय मात्र जुनीच राहिली आहे, हाताला नको झाले की भुईवर सोडावयाचे.

आता मूळ गोष्टीकडे वळू.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या चर्चचे फेस्त झाले. मैदानावर चाळीसएक दुकाने लागली. चर्चच्या बाजूच्या दुकानांचे भाडे चर्चच्या फंडात जमा झाले. खाज्याचे, चण्यांचे, खेळण्यांचे, भज्यांचे ठेले होते. मैदानभर पिवळ्या आणि पांढऱ्या पताका लावल्या होत्या. त्या प्लास्टिकच्या होत्या. कर्नाटक सरकारने ११ मार्च २०१६ रोजीच प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या, पेले, चमचे यांच्याबरोबर पताकांवरही बंदी घातली होती. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. आम्ही वर्तमानपत्र वाचतो. तेव्हा हे आम्हांला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. स्वस्त मिळाल्या म्हणून आणल्या, एवढेच खरे.

फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी मैदान स्वच्छ करावयाचे होते. आम्हीच ट्रॅक्टर मागविला. त्याने सगळा केर, उष्ट्या ताटल्या, गाठी मारलेल्या पिशव्या, तुटक्या पताका, असे सारे लोटून दफनभूमीच्या भिंतीपलीकडे, उतारावर नेऊन टाकले. तो उतार खाली नाल्याला मिळतो आणि नाला पुढे मलप्रभेला. ही नदी आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. पुढे सौंदत्तीजवळ तिच्यावर धरण आहे आणि हुबळी-धारवाडकर तेच पाणी पितात. ट्रॅक्टरवाल्याला आम्ही भाडे दिले व चांगले काम केलेस म्हणून शाबासकीही दिली. मैदान खरोखरच आरशासारखे दिसत होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एका विधवा बाईची गाय आजारी पडली. एकच गाय, आणि तिच्याच दुधावर त्या बाईचे मीठमिरची चाले. गाय चारा खाईना, रवंथ करीना, डावी कूस फुगलेली. पशुवैद्य आले व त्यांनी कूस उघडून पाहावयाचे ठरविले. आम्हांला बोलावणे आले म्हणून आम्हीही गोठ्यात जाऊन उभे राहिलो. त्यांनी आत हात घालून जे बाहेर काढले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. पिशव्यांचा, दोऱ्यांचा, चिंध्यांचा एकजीव झालेला गोळा होता तो. दोन घमेली भरली. धुऊन पाहताना त्यात पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या निघाल्या.

पशुवैद्यांनी समजावून सांगितले ते असे. गाय प्रथम न चावता भराभर गिळते व मग निवांत बसून रवंथ करते. गिळलेले पहिल्या मोठ्या पोटात साठते आणि बारीक झाल्यावाचून पुढे सरकत नाही, कारण पुढची वाट अरुंद असते. प्लास्टिक तेथे ना कुजते ना पुढे जाते. त्याला एकेक पिशवी चिकटत जाते आणि शेवटी चाऱ्याला जागाच उरत नाही. गायीला पिशवी हवी असते असे नव्हे. तिला आतले उष्टे, खारट, शिजलेले अन्न हवे असते, पण आपण पिशवीला गाठ मारलेली असते आणि गाय ती गाठ सोडू शकत नाही. “हे एका दिवसाचे नव्हे, फादर, दोन-तीन वर्षांचे आहे,” असेही ते म्हणाले. आमच्या सांत्वनासाठीच म्हणाले असावेत. परंतु त्या दोन-तीन वर्षांत आमची दोन-तीन फेस्ते झाली होती.

तिसऱ्या दिवशी गाय गेली.

त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ जुलैच्या रविवारी, शुभवर्तमानाचा पाठ पाच भाकरी व दोन माशांचा होता. लोक जेवून तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा होते आणि बारा टोपल्या भरतात. या पाठावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे आणि प्रत्येक वेळी पाच भाकऱ्यांवर बोललो आहोत. टोपल्यांकडे आमचे लक्ष कधी गेलेच नव्हते. त्या दिवशी वेदीवरून समोर पाहिले तर ती बाई नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर बसलेली. आमचे प्रवचन अर्ध्यातच आटोपले. लोकांना वाटले, फादरांना बरे नाही.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन पताका आमच्या होत्या, ट्रॅक्टर आम्ही बोलाविला होता, हे आम्ही सांगितले. तिला ते ठाऊकच होते. गावात काय लपते? फंडातून दुसरी गाय घेऊन देण्याचे आम्ही बोललो. ती म्हणाली, “फादर, दुसरी गाय आणून दिलासा तरी तीबी तिथंच चरायला जानार की.”

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. वास्तविक उत्तर नव्हतेच. तिला गाय नको होती असे नाही. पण आधी काय व्हावयास हवे ते तिने एका वाक्यात सांगितले होते.

पुढल्या रविवारपासून आम्ही व्यासपीठावरून या विषयावर बोलू लागलो. सलग चार रविवार बोललो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून पृथ्वी हे आपल्या सर्वांचे घर असल्याचे जगाला सांगितले होते. त्याचा सारांश आम्ही मोठ्या तयारीने मांडला. लोकांनी तो आदराने ऐकला आणि बाहेर पडून आदराने पिशव्या घेतल्या. मग आम्ही मैदानावर दोन पिंपे ठेवली, एक हिरवे ओल्या कचऱ्यासाठी, एक निळे सुक्यासाठी. दोन्हींत महिनाभर तेच ते निघाले. एकदा निळ्या पिंपात कोंबडीची आतडी मिळाली. तो आमच्या उत्साहाचा शेवट होता म्हणावयास हरकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये धर्मगुरूंच्या एका शिबिरासाठी आम्हांला इंदुरास जाण्याचा योग आला. इंदूर म्हणजे होळकरांचे शहर, आणि राजवाड्याच्या परिसरात आजही कानी मराठी पडते, तेव्हा परके वाटत नाही. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील स्वच्छ शहरांत या शहराने पहिला क्रमांक घेतला होता. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार आणि रात्री त्याच दुकानांपुढे खाद्यांचा बाजार भरतो, तो आम्ही पाहिला. ‘छप्पन दुकान’ नावाचा दुसरा खाऊबाजार २०२० मध्ये नव्याने बांधून वाहनांना बंद केला आहे, तोही पाहिला व तेथील कचोरी चाखली. परंतु आम्ही मुद्दाम गेलो ते चोइथराम मंडीत. ही तेथील भाजी-फळांची घाऊक पेठ. मंडीतच रोज २० टन भाजीपाल्याचा कचरा पचविणारे यंत्रालय आहे. हवा पूर्ण बंद केलेल्या मोठ्या टाकीत पालापाचोळा, सडकी फळे यांचा लगदा सोडतात. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव तो खातात व त्यातून वायू निघतो. तो शुद्ध करून, दाबून भरला की त्यावर शहरातील बसगाड्या धावतात, आणि जे मागे उरते त्याचे खत होते. पुढे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी शहराबाहेर देवगुराडिया येथे, जेथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते तेथे, रोज ५५० टनांचे असेच प्रचंड यंत्रालय सुरू झाले.

हे सारे पाहून आम्ही दिपलो, आणि लगेच खचलोही. वीस टन कोठे आणि आमच्या बाजाराच्या चार-पाच पाट्या कोठे! पण फाटकाशी एक मनुष्य बसला होता. आलेल्या ढिगात हात घालून तो सुतळ्या, पिशव्या, गोणपाटाचे धागे वेचून बाजूला काढीत होता. हिंदीत विचारले तेव्हा त्याने सांगितले की यांतले थोडे जरी आत गेले तरी चरकाला गुंडाळते, पंप बंद पडतो आणि सगळे काम अडते. आम्हांला तो गोठा आठवला. गायीचे पोट काय आणि वीस टनांचे यंत्र काय, अडते दोघांचेही एकाच गोष्टीने. जी वस्तू कुजते ती वाईट नाही. जी कुजत नाही तीदेखील, वेगळी राहिली तर, भंगारवाला घेऊन जातो. वाईट आहे ते दोन्ही एकत्र होणे. इंदुराकडून आमच्यासारख्यांनी उचलावयाचे ते यंत्र नव्हे. उचलावयाचा तो फाटकाशी बसलेला माणूस.

(इंदूर सर्वच बाबतींत आदर्श आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. २०२५ च्या अखेरीस याच शहराच्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या दूषित पाण्याने माणसे दगावली. रस्ता स्वच्छ झाला म्हणजे जमिनीखालची नळीही स्वच्छ झाली असे होत नाही. असो.)

परत आल्यावर आम्ही प्रवचन थांबविले आणि दोन रविवार बाजारात नुसते बसून काढले. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. आमची पिंपे संध्याकाळची वाट पाहत होती, आणि कचरा तर सकाळीच जन्माला येत होता. भाजीवाली बाई ताडपत्री पसरतानाच फ्लॉवरची पाने सोलते, मुळ्याचा पाला तोडते. त्या घटकेला तो ढीग इतका निर्मळ असतो की गायीपुढे तसाच ठेवावा. मग दिवसभरात त्यावर चहाचे पेले, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची वेष्टणे येऊन पडतात आणि संध्याकाळी आपण म्हणतो, केवढी ही घाण!

तेव्हा ठरले ते असे. बुरुडाकडून तीस वेताच्या पाट्या घेतल्या. पंचायतीचा पट्टीवाला सकाळी बाजारपट्टीचे वीस रुपये घेतो, त्याच वेळी त्याने प्रत्येक भाजीवालीला एक पाटी द्यावी. संध्याकाळी तिने निव्वळ पालाच भरलेली पाटी परत केली की पाच रुपये तिला परत मिळावेत. पंचायतीत यावर तीन बैठका झाल्या. “कचऱ्याला आता पैसे द्यायचे?” असे एका सभासदांनी विचारले, आणि प्रश्न अगदीच गैर होता असे नाही. अखेर पहिले तीन महिने तूट चर्चने सोसावी असे ठरले. ती आम्ही फेस्ताच्या दुकानभाड्यातून सोसली. त्या पैशाचा याहून योग्य विनियोग आम्हांला दिसत नव्हता.

पहिल्या रविवारी अकरा पाट्या परत आल्या. दोहोंत पाल्याखाली गुटख्याच्या पुड्या निघाल्या. पट्टीवाल्याने त्या बायांना पाच रुपये नाकारले व त्यावरून बरीच बोलाचाली झाली. पण फाटकाशी बसणारा माणूस आम्हांला मिळाला तो त्याच दिवशी. पट्टीवाल्याला या कामात असा काही रस आला की आता तो पाटी उपडी करून पाहिल्याशिवाय नाणे देत नाही. वर्ष उलटले, तूट पंचायतच भरते, आणि पाट्या जवळजवळ सगळ्या परत येतात.

खताच्या बाबतीत मात्र आमची चांगलीच फजिती झाली. आम्ही चर्चमागे तीन खड्डे खणविले, त्यांत एक थर ओला पाला, दोन थर सुका पाचोळा, वरून शेणकाला, असे शास्त्रोक्त रचले. मार्च-एप्रिलमध्ये सारे छान चालले. जूनमध्ये आमच्याकडचा पाऊस सुरू झाला आणि खड्ड्यांत पाणी साचून अशी दुर्गंधी सुटली की मिस्सेच्या वेळी खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. एक वृद्ध शेतकरी शांतपणे म्हणाले, “फादर, आमच्याकडं पावसाळ्यात खड्डा म्हनजे हीरच.” सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, पण हे कोणी शिकविले नव्हते. त्यांच्याच सांगण्यावरून मग दगडी ओट्यावर ढीग रचले, वर पत्र्याचे छप्पर घातले. हवा खेळली की दुर्गंधी येत नाही व ढीग आतून तापतो. लोखंडी पहार मध्यभागी खुपसून थोड्या वेळाने काढली आणि ती हातात धरवेना, म्हणजे काम नीट चालले आहे असे समजावे. त्या उष्णतेने तणाचे बी मरते. पंधरा दिवसांनी ढीग उलटावा. मोठा ढीग बसून अगदी लहान होतो, हे पाहून आरंभी आम्हांला कोणी खत चोरून नेते की काय असा संशय आला होता. पाल्यात बहुतेक पाणीच असते, हे नंतर ध्यानात आले.

पिशव्यांची कथा निराळी. आमच्या भगिनीमंडळाने जुन्या लुगड्यांच्या दोनशे पिशव्या शिवल्या. त्या सगळ्यांनी आवडीने नेल्या आणि रविवारी घरीच विसरल्या. खोलात जाऊन विचारले तेव्हा कळले की विसर हे निमित्त होते. माणसे मिस्सेला येतात ती स्वच्छ कपडे करून, हातात मिस्साग्रंथ घेऊन. कांद्याबटाट्याची पिशवी घेऊन चर्चमध्ये कसे शिरावे, याचा संकोच होता. हे समजावयास आम्हांला चार महिने लागले. मग सुताराकडून चर्चच्या पोर्चमध्ये साठ खुंट्या ठोकून घेतल्या. येताना पिशवी खुंटीला अडकवावी व जाताना घेऊन बाजारात जावे. प्रभूने मंदिरातील व्यापाऱ्यांचे काय केले होते याची एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हांला आठवण करून दिली. त्या वेळी पिशव्या रिकाम्या असतात, एवढेच उत्तर आम्ही देऊ शकलो. आता पाऊणशे पिशव्या लटकतात आणि खुंट्या कमी पडतात.

चहाच्या टपऱ्या तीन. कागदी पेला कागदाचा असतो अशी आमची समजूत होती. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच तर चहा गळत नाही, आणि म्हणूनच तो ढिगात सहा महिने तसाच राहतो. काचेचे पेले वापरा म्हणावे तर टपरीवाले म्हणाले, धुवायला पाणी कोठे आहे? बरोबरच होते. मैदानावर नळ नव्हता. मग चर्चच्या छपराला पन्हळी लावून पाच हजार लिटरची टाकी बसविली. शंभर चौरस मीटर छपरावर एक सेंटीमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होते, आणि आमच्याकडे पावसाची वाण नाही. उन्हाळ्यात विहिरीवरून भरतो. विसळलेले पाणी केळींना जाते. खानापूरची माती आणि कुंभारकाम प्रसिद्ध आहे, तेव्हा मातीचे पेले का नकोत, असे काहींनी सुचविले. पण एकदा पिऊन फोडावयाच्या पेल्यासाठी भट्टीत लाकूड जाळावे, हे आम्हांला पटले नाही. तीनपैकी दोन टपऱ्यांवर आता काच आहे. तिसरा अजून कागदीच देतो व त्याच्याकडेच गर्दी अधिक असते, हेही लिहिले पाहिजे.

मासळीपुढे आम्ही हरलो आहोत. गोव्याकडून, कारवारकडून बर्फात घातलेली मासळी थर्मोकोलच्या पेट्यांतून येते. घेणारा ती पानात नेऊ म्हटले तर बसमध्ये पाणी गळते आणि कंडक्टर उतरवितो. काही बाया घरून झाकणाचा डबा आणू लागल्या आहेत, एवढेच. वेफर्सच्या वेष्टणांचेही तसेच. त्यांत प्लास्टिक व धातूचा मुलामा एकमेकांस असे चिकटविलेले असतात की वेगळे करणे अशक्य, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावीत नाही. ती आम्ही पोत्यांत भरून पंचायतीच्या गाडीत देतो. त्यांच्यावाचून खाऊ विकता येतो हे मुलांना पटविणे आमच्या शक्तीबाहेरचे आहे.

२०२५ चे फेस्त पताकांविना झाले नाही. त्या कापडाच्या होत्या, लुगड्यांच्याच तुकड्यांच्या, आणि लाल, हिरव्या, जांभळ्या अशा मिळेल त्या रंगाच्या. दुकानदारांना अट घातली तेव्हा नऊ दुकाने आली नाहीत. भाडे कमी झाले म्हणून अर्थसमितीने नाराजी नोंदविली. जेवणासाठी गावकीची मोठी भांडी माळ्यावरून काढून कल्हई करून घेतली आणि चारशे स्टीलची ताटे विकत घेतली. इंदुरात समारंभांसाठी भांडी उसनी देणारी ‘बर्तन बँक’ आहे असे ऐकले होते. त्यावरून ही ताटे लग्नाकार्याला फुकट देण्याची प्रथा पाडली आहे, अट एकच की थर्मोकोलचे काही आणावयाचे नाही. आतापर्यंत ताटे सगळी शाबूत आहेत. चमचे मात्र भराभर कमी होतात. ते कोठे जातात हे एक गूढच आहे.

आणि तो उतार. दफनभूमीमागे अनेक वर्षांचे जे साठले आहे ते अद्याप तेथेच आहे. प्रत्येक पावसाळ्यात माती धुपते आणि जुन्या पिशव्या पुन्हा वर येतात. गेल्या डिसेंबरात तरुणांनी साठ पोती काढली. उताराचा एक कोपरा मोकळा झाला. बाकीचे आमच्या बदलीपूर्वी निघेल असे वाटत नाही. तूर्त तेथे काटेरी कुंपण घातले आहे, म्हणजे गुरे तरी शिरू नयेत.

त्या बाईने पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीत. गेल्या दिवाळीनंतर भावाकडून तिने एक कालवड आणली. रविवारी सायंकाळी बाजार उठला की ती ओट्याजवळ येते आणि खताला जाण्यापूर्वी कोबी-फ्लॉवरची एक पाटी कालवडीसाठी घेऊन जाते. पट्टीवाल्याने तपासलेली पाटी असते ती. तरीही ती भुईवर बसून पानन् पान उलटून पाहते. अंधार पडू लागला की आम्ही बॅटरी धरून उभे राहतो. परवाच्या रविवारी सगळी पाटी चाळून झाल्यावर तिने एक पिवळे रबर काढले, कोथिंबिरीच्या जुडीचे, करंगळीएवढे, आणि काही न बोलता आमच्या तळहातावर ठेवले. ते पट्टीवाल्याला दिसले नव्हते व आम्हांलाही दिसले नव्हते. कोथिंबीरवालीची जागा पिंपळाखाली आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपताच आम्ही केळीचे सोपट घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.